उतार

पाणी दाराकडे जायचं.
एवढीच माझी तक्रार.
फॉर्मवर मात्र ती ठरावीक ओळींत बसवायची होती,
आणि चौकटीबाहेर गेलेलं धरणार नव्हते.

क्लिफर्डची डावी बाजू गेल्यावर
टब उखडून सपाट न्हाणीघर करायचं ठरलं,
चाकाच्या खुर्चीसकट आत जाता येईल असं.
ड्वेन स्टेनिंग आला तो बूट दाराबाहेर काढून.
चहात तीन चमचे साखर.
क्लिफर्डशी ग्रिम्सबीच्या गोदीतल्या जुन्या बोटींबद्दल बोलायचा,
त्याचं तोंडातल्या तोंडात अडकलेलं वाक्य
संपेपर्यंत थांबायचा.
हे मी फॉर्मवर लिहिलं नाही.
तशी चौकट नव्हती.

नऊ दिवसांत फरशी झाली. करडी, निळसर झाक असलेली.
मी म्हटलं, सुरेख.
दहाव्या दिवशी शॉवर सोडला
आणि पाण्यानं जाळीकडे पाठ फिरवून
पॅसेजमधल्या गालिच्याची वाट धरली.
शेजारच्या प्रिंगलबाईंच्या नातवानं
मधोमध एक गोटी ठेवली.
ती जराशी थबकली,
मग दाराबाहेर, स्वयंपाकघरात, थेट फ्रिजखाली.
पुढे कोर्टानं मागवलेला तज्ज्ञ
चारशे वीस पौंड घेऊन हेच सांगून गेला,
फक्त मिलिमीटरमध्ये.

ड्वेन येतो म्हणाला. मंगळवारी.
मग पुढच्या मंगळवारी.
मग फोन नुसता वाजत राहिला.
पाच महिने मी उंबऱ्याशी टॉवेलांचा बांध घातला
आणि नवऱ्याला आंघोळ घालता घालता
मागे वळून वळून बांध बघत राहिले.
त्याच्याकडे बघायचं ते राहिलंच.

नोव्हेंबरात तो गेला.
फरशीमुळे नाही.
हे मी न्यायाधीशबाईंना आपण होऊन सांगितलं,
त्यांनी विचारायच्या आत.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
तिथे पायरी नव्हतीच, रॅम्प होता.
त्याचा उतार अगदी बरोबर होता.
पावसाचं पाणी निमूट गटाराकडे चाललेलं
मी छत्रीखाली उभी राहून पाहिलं,
आणि का कोण जाणे, तिथेच पहिल्यांदा रडू आलं.

आत एक टेबल, पाण्याचा जग, तीन खुर्च्या.
ड्वेननं लग्नाकार्यातला असावा तसा कोट घातलेला.
त्याच्याकडे वकील नव्हता, कागद नव्हते.
म्हणाला, पाणसळ त्या दिवशी घरी राहिली होती.
नजरेनं केलं.
नजरेला सरळ दिसलं.

बाईंनी विचारलं, दुरुस्त करून दिलं तर चालेल का?
मी म्हटलं, आता कोणासाठी?
त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, दिसलं नाही.

पंचवीस मिनिटांत निकाल.
तीन हजार चारशे पंच्याहत्तर पौंड, माझ्या बाजूनं.
त्याच्याकडे एवढे नव्हते.
तेव्हा दरमहा पंचवीस.
बसमध्ये पाकिटाच्या मागे मी हिशोब मांडला:
एकशे एकोणचाळीस हप्ते.
मला सत्त्याहत्तर पूर्ण.
म्हणजे कोर्टानं मला
अठ्ठ्याऐंशी ओलांडेपर्यंत जगायचा आदेश दिलाय,
आणि त्याला तोवर कमवायचा.

दर तीन तारखेला बँकेच्या कागदावर त्याचं नाव येतं.
दुसऱ्या कोणाचं इतक्या नेमानं येत नाही.
एप्रिलमध्ये चार दिवस उशीर झाला,
तर मला आधी वाटलं, आजारी तर नसेल?
मग स्वतःचाच राग आला.
मग पुन्हा वाटलं.

फरशी तशीच आहे.
मी आंघोळ करते, पाणी दाराकडे जातं,
मी फडकं घेऊन त्याच्यामागून जाते.

ऑगस्टात पंचवीसऐवजी तीस आले.
बँकेला फोन केला. चूक नाही म्हणाले.
ते वरचे पाच कशात धरायचे,
मला अजून ठरवता आलेलं नाही.